१०४० वा थर

त्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या टेबलावरचा टायटॅनियमचा ब्रॅकेट, म्हणजे पावडर लेझरने थरावर थर वितळवून थ्रीडी प्रिंटरवर छापलेला आधाराचा तुकडा, तपासणीत जवळजवळ पास झालेला होता. एक्स-रे स्वच्छ होता, पेनेट्रंटमध्ये, म्हणजे पृष्ठभागावरच्या फटींत शिरून त्या दाखवणाऱ्या रंगद्रवात, एकही रेघ उमटली नव्हती. हवेत आणि पाण्यात वजन करून काढलेली घनता बरोबर आली होती. शेजारी छापलेल्या कूपननेही, म्हणजे चाचणीच्या नमुन्यानेही, ताण-चाचणीत चांगले आकडे दिले होते. फक्त सीटी स्कॅन बाकी होता. रिपोर्टचा बाकी मजकूर मी भरून ठेवला होता.

पहिल्या स्कॅनमध्ये बोल्टच्या भोकांभोवतीच्या दोन जाड भागांच्या मधोमध एक पुसट काळी रेघ दिसली. स्कॅनचा व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीय चित्राचा सर्वांत छोटा ठोकळा, ६० मायक्रॉनचा आणि रेघ जेमतेम एका व्हॉक्सेलची. अशा रेघा आम्हाला नेहमी दिसतात. जाड धातूतून जाताना एक्स-रेमधले कमी ऊर्जेचे किरण आधी शोषले जातात, आणि दोन जाड भागांच्या मध्ये खोटे काळे पट्टे तयार होतात.

"बीम हार्डनिंग आहे सर, दुसरं काय," माझी सहकारी म्हणाली. मलाही तसंच वाटलं. तरी हात माऊसवरून उचलवेना, कारण रेघ तिरकी होती. कोन मोजला: ४५ अंश. छापताना खालून द्यावे लागणारे सपोर्ट कमी लागावेत म्हणून हा ब्रॅकेट छापलाही होता ४५ अंशांत कलवून. म्हणजे रेघ थरांना समांतर होती.

आम्ही ब्रॅकेट काढला, वेगळ्याच बाजूला कलवून बसवला आणि तेवढाच भाग २० मायक्रॉनच्या व्हॉक्सेलने पुन्हा स्कॅन केला. खोटा पट्टा किरणांच्या वाटेवर पडतो, त्यामुळे तुकड्याची बैठक बदलली की तोही जागा बदलतो. ही रेघ मात्र ब्रॅकेटमध्ये होती तिथेच होती, आणि आता ती नुसती रेघ राहिली नव्हती. कातरलेल्या कडांचे चपटे पोकळ डाग एकाच प्रतलात पसरले होते. एका टोकाला ते थेट पृष्ठभागापर्यंत पोचले होते. लॅक ऑफ फ्यूजन: एक थर खालच्या थराला नीट वितळून जोडलाच गेला नव्हता. वायूने झालेली गोल छिद्रं एक वेळ चालवून घेता येतात. अशी धारदार कडांची चपटी फट वारंवार ताण बसणाऱ्या भागात असणं म्हणजे तडा सुरू व्हायची तयार जागा.

मग सकाळच्या एक्स-रेत ती का दिसली नाही? मी बसून हिशोब केला. किरण थरांना ४५ अंशांत छेदत गेले होते. ६० मायक्रॉनची फट त्या वाटेवर ८५ मायक्रॉनची होते, आणि भोवती २५ मिलिमीटर धातू. फरक ०.३४ टक्के. एक-दोन टक्के असता तर चित्रात नजरेत आला असता. तोच शॉट थरांच्या दिशेने घेतला असता तर किरणांना कित्येक मिलिमीटर पोकळी लागली असती. पेनेट्रंटच्या आधी तुकड्यावर ब्लास्टिंग, म्हणजे साफ करण्यासाठी बारीक कणांचा मारा, झालं होतं. त्या माऱ्याने धातू सरकून फटीचं तोंड बुजलं असणार.

कूपनचं उत्तर मला सर्वांत जास्त लागलं. दोष छपाई जिच्यावर होते त्या प्लेटपासून ६२.४ मिलिमीटर उंचीवर होता. थर ६० मायक्रॉनचे, म्हणजे १०४० वा थर. आणि कूपन प्लेटवर आडवं छापलेलं, उंची २० मिलिमीटर. दोष घडला तेव्हा कूपन कधीच छापून संपलं होतं.

मशीनचा लॉग मागवला. १०४० व्या थराला काम थांबलं होतं आणि पन्नास मिनिटांनी पुन्हा सुरू केलं होतं. तेवढ्यात तुकडा गार होऊन आक्रसतो. ६२ मिलिमीटर टायटॅनियम शंभर अंशांनी गार झालं तर उंची सुमारे ०.०५ मिलिमीटरने कमी होते, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण थर. त्यावर पसरलेली पावडर दुप्पट जाड झाली की लेझरची वितळ खालपर्यंत पोचत नाही.

उत्पादनाकडून सुचवणी आली की हिप करून टाका, म्हणजे तापवून चहूबाजूंनी वायूच्या दाबाखाली ठेवा, मिटून जाईल. ९२० अंशांच्या आसपास आणि हजार बारच्या दाबाखाली बंद पोकळ्या मिटतात, हे खरं. पण ही फट पृष्ठभागाला लागलेली होती. तिथून दाब देणारा आर्गॉन वायू आत शिरला की आतबाहेर दाब सारखाच, मग मिटवणार कोण? मी नाही म्हटलं. त्याच प्लेटवरचे बाकी तीन ब्रॅकेटही लाल टॅग लावून बाजूला काढले, कारण १०४० वा थर त्यांच्यातही होता.

दुसऱ्या दिवशी पहिला ब्रॅकेट कापला, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. फटीत पावडरचे न वितळलेले कण जसेच्या तसे होते, गोल आणि चकचकीत. सहकारी बराच वेळ बघत राहिली. मग तिने स्वतःहून नवीन ड्रॉइंग उघडलं आणि कूपन उभं करून त्याची उंची ब्रॅकेटइतकी केली. मी त्याच ड्रॉइंगवर एक्स-रेच्या शॉटचा बाण थरांना समांतर काढला.