स्टोलिच्काच्या मागावर : रॅड्युलाचं काम आणि कातळावरच्या गोगलगायी – कामाची नोंद

मागच्या नोंदीपर्यंत फर्डिनंड स्टोलिच्काचे, एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलच्या नियतकालिकांत आलेले गोगलगायींवरचे लेख सालवार लावून झाले होते. या वेळी तीन कामांचं सांगायचं आहे : १८७१ चा मौलमेनचा लेख वाचायची पद्धत, रॅड्युला (गोगलगायीच्या तोंडातली दातांची पट्टी) काढण्याचं काम कुठवर बसलं ते, आणि सह्याद्रीतल्या ओल्या कातळावर राहणाऱ्या क्रेम्नोकॉंकस या गोगलगायीची पाहणी. रॅड्युलाचा भाग लांबला आहे, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याबद्दलच येतात.

नव्याने सोबत आलेल्यांसाठी माणसाची ओळख. स्टोलिच्काचा जन्म १८३८ चा, मोराव्हियातल्या क्रोम्येऱ्हीझजवळचा. तो भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, आज चेकियात आहे. वडील वनखात्यातले. शिक्षण व्हिएन्नात, भूवैज्ञानिक एडुआर्ड स्यूसच्या हाताखाली, आणि सुरुवातीचं काम आल्प्समधल्या क्रिटेशियस (डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडातल्या) खडकांतल्या गोड्या पाण्यातल्या शंखांवर. १८६२ मध्ये थॉमस ओल्डहॅमच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरी धरून तो कलकत्त्याला आला. सरकारी काम होतं दक्षिण भारतातल्या क्रिटेशियस जीवाश्मांचं : तिरुचिरापल्ली, अरियालूर भागातले अॅमोनाइट, शंख, शिंपले. सर्वेक्षणाच्या ‘पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका’ या ग्रंथमालेतले त्याचे जाडजूड खंड आजही या विषयाचा पाया आहेत. जिवंत गोगलगायी हा या नोकरीच्या कडेकडेनं केलेला उद्योग, आणि तो त्यानं बारा वर्षांहून कमी काळात केला. १८७३ मध्ये यारकंदला (आज चीनच्या शिनजियांगमध्ये) निघालेल्या दुसऱ्या ब्रिटिश मोहिमेबरोबर गेला, परतताना काराकोरम खिंड ओलांडल्यावर लडाखमधल्या मुर्गोजवळ १९ जून १८७४ रोजी वारला. वय ३६. लेहला पुरलं. त्या मोहिमेतल्या शंखांचा अहवाल पुढे १८७८ मध्ये जेफ्री नेव्हिलनं पुरा केला.

आपल्याला त्याच्याकडून घ्यायचं ते एवढंच : त्याच्या आधी हिंदुस्थानातल्या गोगलगायींचं वर्णन बहुतांशी रिकाम्या शंखावरून होत असे. कंपनी सरकारातला अधिकारी आणि शंखांचा जाणकार विल्यम बेन्सननं शेकडो जाती शंखावरून नोंदवल्या आणि त्याची नजर विलक्षण होती. पण वेटोळी, बेंबी (शंखाच्या तळाचा खळगा) आणि तोंडाची कड एवढ्यावर दोन भलतीच कुळं एकत्र येतात. स्टोलिच्का प्राणी कापून जबडा, रॅड्युला आणि जननेंद्रियं बघायचा, त्यांची चित्रं द्यायचा. १८६९ चा त्याचा ऑन्किडियमवरचा लेख तर शंखच नसलेल्या प्राण्यावर आहे. गंगेच्या मुखाकडच्या खाऱ्या चिखलात सरपटणाऱ्या या उघड्या गोगलगायींना शंख बघून ओळखायची सोयच नाही. म्हणून आपल्या गटातही नुसत्या शंखांच्या फोटोंवर थांबायचं नाही असं ठरलं आहे.

मौलमेनच्या लेखाबद्दल. मौलमेन म्हणजे आजचं म्यानमारमधलं मावलम्याइन. सपाट भातशेतीतून सुळक्यासारख्या उठलेल्या चुनखडीच्या टेकड्या हे तिथलं वैशिष्ट्य. कॅल्शियम मुबलक, आणि एका टेकडीवरची गोगलगाय भातशेती ओलांडून दुसऱ्या टेकडीवर सहसा जात नाही, त्यामुळे थोड्या अंतरावर जाती बदलतात. लेखाचा स्कॅन बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर आहे. वाचताना तीन फायली शेजारी उघड्या ठेवा : मजकूर, चित्रपट्टे (चित्रांची वेगळी छापलेली पानं) आणि मोलस्काबेस (गोगलगायी-शिंपल्यांच्या शास्त्रीय नावांची ऑनलाइन सूची). चित्रपट्टे लेखाला लागून नसतात, ते खंडाच्या शेवटी शोधावे लागतात. पट्टा आणि आकृतीचा क्रमांक आधी वहीत उतरवून घेतला की अर्धा त्रास वाचतो. ‘हेलिक्स’ आणि ‘नॅनिना’ ही नावं जशीच्या तशी नोंदवहीत घेऊ नयेत. त्या काळात ‘नॅनिना’खाली आज वेगवेगळ्या प्रजातींत (प्रजाती म्हणजे इथे जीनस, जवळच्या जातींचा गट) गेलेल्या कितीतरी गोगलगायी आहेत. जुनं नाव, लेखक आणि साल एका रकान्यात, आजचं नाव दुसऱ्यात. साल चुकलं तर मोलस्काबेसवर भलतीच जात हाती लागते, कारण एकच जातिनाम दोघांनी वेगवेगळ्या गोगलगायींना दिल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. आतापर्यंत लेखातल्या झाकणवाल्या (शंखाचं तोंड बंद करणारी चकती असलेल्या) गोगलगायींचा भाग असा लावून झाला. बिनझाकणाच्यांचा भाग अवघड आहे, कारण शरीररचनेचं खरं काम तिथेच आहे.

आता रॅड्युला. गोगलगायीच्या तोंडातली ही काइटिनची पट्टी, तिच्यावर दातांच्या आडव्या ओळी. कानशीसारखी खरवडून खायची सोय. सरावासाठी आफ्रिकन गोगलगायच वापरावी. ती परकी आहे आणि शेताचं नुकसान करते (२०२२ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात सोयाबीनचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे), तेव्हा चार कमी झाल्या तर कोणाचं बिघडत नाही. तिचा स्टोलिच्काच्या कलकत्त्याशीही संबंध आहे : मॉरिशसहून आणून १८४७ मध्ये कलकत्त्याच्या चौरंगीतल्या एका बागेत ती पोचवली बेन्सननंच.

हातमोज्यांशिवाय हिला हात लावू नये. उंदरांच्या फुप्फुसातल्या एका कृमीच्या अळ्या हिच्या अंगात असू शकतात आणि त्या माणसाच्या मेंदूपर्यंत जातात. काम झाल्यावर साबणानं हात, ट्रे आणि हत्यारं धुवायची, स्वयंपाकाची भांडी वापरायची नाहीत.

फक्त रॅड्युला हवी असेल तर गोगलगाय दोन पिशव्यांत बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवली की पुरे; खाण्याच्या वस्तूंपासून वेगळ्या डब्यात. अंग पूर्ण पसरलेलं हवं असेल, म्हणजे पुढे जननेंद्रियंही बघायची असतील, तर उकळून थंड केलेल्या पाण्यात रात्रभर बुडवायची. बरणी काठोकाठ भरून झाकण लावायचं. वर हवेचा बुडबुडा राहिला तर ती त्यावर तग धरते आणि सकाळी अर्धवट आक्रसलेली सापडते. पाणी उकळायचं ते त्यातला विरघळलेला प्राणवायू घालवण्यासाठी.

तोंडाच्या लगेच मागे, वाटाण्याएवढा घट्ट स्नायूंचा गोळा असतो. तो बारीक कात्रीनं सोडवून परीक्षानळीत घ्या. त्यावर कॉस्टिक पोटॅशचं (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं) १० टक्के द्रावण : १० ग्रॅम पोटॅश, पाणी घालून एकूण १०० मिलिलिटर. पोटॅश पाण्यात थोडंथोडं टाकायचं, पाणी पोटॅशवर ओतायचं नाही. उष्णता एकदम निघून ते उसळतं. चष्मा हवाच. अॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, पोटॅश त्याला खातं आणि हायड्रोजन सुटतो. साध्या तापमानाला साधारण एका दिवसात मांस विरघळतं, पुण्याच्या हिवाळ्यात जास्त वेळ घेतं. घाई असेल तर नळी ६० अंशांच्या पाण्यात उभी करून दोनेक तास. थेट आचेवर धरली तर द्रावण उडी मारून बाहेर येतं. द्रावण तपकिरी झालं की ओतून नवं घालावं.

इथेच सगळ्यात जास्त नमुने वाया जातात. द्रावण कडक किंवा फार गरम असलं, किंवा नमुना दिवसच्या दिवस विसरला गेला, तर दात धरून ठेवणारी पडदी सैल होते आणि धुताना ओळी सुटतात. उलट लवकर काढला तर पट्टीखालचा मऊ गाभा चिकटून राहतो आणि काचेवर ती सपाट बसत नाही. ओळखायची खूण : नळी हळूच हलवली की पट्टी सुटी, पारदर्शक, पिवळसर होऊन तरंगायला हवी. तिच्यासोबत एक तपकिरी, अर्धचंद्राकृती, रेघांचा तुकडाही येतो, तो जबडा. कचरा समजून टाकू नका, स्टोलिच्का त्याचीही चित्रं द्यायचा.

नंतर डिस्टिल्ड पाण्याच्या तीन धुण्या. नळाचं पाणी चालत नाही. त्यातल्या क्षारांचा पोटॅशबरोबर पांढरा साका होतो, आणि उरलेलं पोटॅश हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून काचेवर स्फटिक धरतं, ते दातांच्या टोकांवर बसले की मोजणी अशक्य. पट्टी ग्लिसरीनच्या थेंबात काचेवर घ्यायची, दात वर. दात कुठल्या बाजूला आहेत ते कमी मोठेपणावर बघून घ्यावं. पट्टी कडेला गुंडाळते, तेव्हा ०० नंबरच्या ब्रशनं उलगडावी, सुईनं ओढली की फाटते. कव्हरस्लिप एका कडेनं टेकवत सोडायची आणि कडा नेलपॉलिशनं बंद करायच्या. रंग द्यायची गरज पडलेली नाही, सूक्ष्मदर्शकाच्या कंडेन्सरचा (खालून प्रकाश देणाऱ्या भिंगाचा) पडदा बराच मिटवला की बिनरंगाचे दातही उठून दिसतात.

मोजणी पट्टीच्या मधल्या भागातल्या ओळींवर करायची. पुढचे दात झिजलेले असतात, मागचे पुरते घडलेले नसतात. मधला दात धरून एका बाजूचे मोजा, मग दुसऱ्या बाजूचे. दोन्ही जुळले नाहीत तर कडेची पट्टी दुमडलेली आहे असं समजून पुन्हा उलगडा. आफ्रिकन गोगलगायीच्या स्लाइड आता पाहण्याजोग्या येतात. पुढचा सराव मासे ठेवायच्या टाकीत आपोआप वाढणाऱ्या मेलानॉइडिसवर चालू आहे : लांबट, निमुळता शंख, झाकणवाली. तिच्या ओळीत सातच दात असतात, २-१-१-१-२ असे. गोळा फार लहान असल्यामुळे तो वेगळा काढत बसण्यापेक्षा शंख फोडून डोक्याचा भाग अख्खाच पोटॅशमध्ये टाकावा.

सात दातांच्या सरावाचं कारण म्हणजे क्रेम्नोकॉंकस. सह्याद्रीच्या कड्यांवर, धबधब्याच्या तुषारांनी भिजणाऱ्या कातळावर राहणारी ही सेंटिमीटरहून लहान गोगलगाय, आणि तिचं कूळ समुद्रातलं : लिटोरिनिडी. कोकणात भरतीच्या रेषेच्या वर खडकांना चिकटून बसलेले बारीक शंख असतात, ते हिचे भाऊबंद. त्या कुळातली गोड्या पाण्यात राहणारी ही एकटीच प्रजाती. भूवैज्ञानिक विल्यम ब्लॅनफर्डनं १८६३ मध्ये तिचं वर्णन केलं, पण तेव्हा दिलेलं नाव आधीच एका माशाला दिलेलं निघालं, म्हणून १८६९ मध्ये क्रेम्नोकॉंकस. स्टोलिच्कानं १८७१ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या कार्यवृत्तात ‘सह्याद्रेन्सिस’ या जातीची शरीररचना प्रसिद्ध केली. २०१३ मध्ये या प्रजातीची पूर्ण तपासणी झाली तेव्हा एकूण नऊ जाती ठरल्या, त्यातल्या सहा नव्या. उत्तरेकडचा गट महाराष्ट्रात, दक्षिणेकडचा कर्नाटकात.

हिला आम्ही हात लावत नाही, आणि कोणी लावू नये. राहण्याची जागा एखाद्या ओल्या कड्याएवढी चिंचोळी असते. अभयारण्यातून तर रिकामा शंखही परवानगीशिवाय उचलता येत नाही. शरीररचना स्टोलिच्काच्या लेखातून वाचायची, सराव मेलानॉइडिसवर, आणि कातळावर फक्त मोजणी व फोटो. नेमकी जागा उघड लिहायची नाही, तालुक्यापर्यंत पुरे.

मोजणीसाठी २० सेंटिमीटर बाजूची तारेची चौकट. पाण्याची पातळ फिल्म वाहते तिथे एक, नुसती ओल आहे तिथे एक, कोरड्या कडेला एक. प्रत्येकीत चालत्या किती, भेगेत बसलेल्या किती, शेवाळ आहे की उघडा कातळ, वेळ आणि तापमान. फोटोत मोजपट्टी शंखाच्याच पातळीत हवी; मागे कातळावर ठेवलेली पट्टी लांबी चुकीची दाखवते. ओल्या बेसाल्टवर चमक फार येते, पोलरायझिंग फिल्टर लावला की कंगोरे नीट दिसतात. चिकटून बसलेली गोगलगाय उचकटू नये : तोंडाची पातळ कड तुटते आणि ओल धरून ठेवायला केलेली बंदिस्ती मोडते. जोराचा पाऊस चालू असताना धबधब्याखाली उभं राहू नये, वरून दगड येतात.

ओढ्यातल्या पॅलुडोमस या गोगलगायीच्या पिल्लांशी क्रेम्नोकॉंकसची गल्लत होते, आलेल्या फोटोंत ती सर्रास दिसली. पॅलुडोमस प्रवाहातल्या दगडगोट्यांवर असते, उभ्या कड्यावर नव्हे. झाकण दिसलं तर प्रश्नच मिटतो : क्रेम्नोकॉंकसच्या झाकणावर मोजक्या वेटोळ्यांची सर्पिल रेघ, पॅलुडोमसच्या झाकणावर मधला भाग सोडला तर एकात एक वर्तुळं.

साठवणीबद्दल थोडंच. फॉर्मॅलिन नको, ते हळूहळू आम्ल होऊन शंख खातं. अंग ठेवायचं तर ७० ते ७५ टक्के अल्कोहोल. सुके शंख काचेच्या बाटल्यांत, लोखंडी कपाटात. ओक, एमडीएफ किंवा कच्च्या प्लायवूडच्या खणात लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेनं शंखावर पांढरी भुकटी धरते आणि ती परत जात नाही. चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलीनं : जागा, उंची, तारीख, कशावर सापडला. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

पुढच्या टप्प्यात मेलानॉइडिससाठी ५ टक्के पोटॅश वापरून ओळी जास्त टिकतात का ते बघायचं आहे, आणि मौलमेनच्या लेखातला बिनझाकणाच्या गोगलगायींचा भाग लावायला घ्यायचा आहे. कड्यावरच्या चौकटींची मोजणी ऑक्टोबरात पाणी ओसरताना पुन्हा. त्या वेळी भेगांमध्ये बसलेल्यांचा आकडा वाढायला हवा. ज्यांच्या भागात ओला कातळ आहे त्यांनी याच तीन चौकटी लावून सप्टेंबरअखेर एक मोजणी करून ठेवावी, म्हणजे आकडे शेजारी ठेवता येतील.