गोष्टच सांगायची तर फासे कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सुट्टीच्या दुपारी आम्ही चार-पाच जण टेबलाभोवती बसून रोल-प्लेइंग गेम खेळतो; ते काय असतं हे समजावलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. एकेकानं एकेक पात्र घ्यायचं, एकानं जीएम (गेम मास्टर) व्हायचं, म्हणजे बाकीचं सगळं जग चालवायचं आणि मिळून गोष्ट रचायची, इथवर पटतं. पण मग फासे कशाला? एवढे जाडजूड नियम कशाला? गप्पांच्या ओघात गोष्ट होत नाही का?

होते की. पण गुळमुळीत होते. आपल्या पात्राचं वाटोळं व्हावं असं कुणाला वाटत नसतं आणि मित्राच्या पात्राचं वाटोळं करायला जीभ रेटत नाही. शिवाय ज्याचा आवाज मोठा, त्याचीच गोष्ट पुढे सरकते. टेबलावरचा कुणीही आपणहून बोलला नसता ते बोलायला लावणं, हे माझ्या मते नियमाचं खरं काम.

‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ हा व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांचा 2010 चा खेळ घ्या. सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, आलेल्या बेरजेत पात्राचा त्या बाबतीतला गुण, म्हणजे एक छोटा आकडा, मिळवायचा. 10 किंवा जास्त आले तर काम फत्ते. 6 किंवा कमी आले तर जीएमच्या हाती कोलीत. मधे 7 ते 9 आले तर काम होतं, पण काहीतरी मोजावं लागतं. गुण शून्य धरला तर 36 पैकी 15 वेळा हा मधला निकाल येतो, निर्भेळ यश फक्त 6 वेळा. म्हणजे ‘झालं, पण...’ हे वाक्य या खेळाच्या गणितातच बसवलंय.

आमच्यातल्या एकाचं पात्र बहिणीला सोडवायला रात्री गोदामात शिरलं होतं. फासे पडले 8. जीएम म्हणाली, ‘बहीण सुटली. पण दारावरच्या पहारेकऱ्यानं तुला ओळखलंय, लहानपणी तुमच्याच घरी जेवायचा तो. सोडलास तर सकाळपर्यंत तुझं नाव वर जाईल. बोल.’ ‘अगं, हे काय गं!’ म्हणून तो दहा मिनिटं भांडला. नुसत्या गप्पांत हा पहारेकरी उगवलाच नसता.

यावर जुने खेळाडू म्हणतात, नियम उलट गोष्टीच्या आड येतात, लढाई सुरू झाली की तासभर नुसती बेरीज-वजाबाकी. खरंय. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला तो खेळण्यातल्या छोट्या सैनिकांच्या युद्धखेळांतून, त्यामुळे त्याचा पिंडच लढाईचा. तरी एक गंमत बघा. सुरुवातीच्या नियमांत अनुभवाचे गुण (ज्यांवर पात्र वरच्या पातळीला जातं) मुख्यतः मिळायचे ते भुयारातून बाहेर आणलेल्या खजिन्याचे, एका सोन्याच्या नाण्याला एक गुण. राक्षस मारून त्यामानाने चिल्लर. साहजिकच शहाणे खेळाडू राक्षसाला चुकवायचे, फसवायचे, माल उचलून पळायचे. पुढच्या आवृत्त्यांत गुणांचा भर मारामारीवर गेला, तशी गोष्टही मारामारीची झाली. नियम ज्याचे पैसे देतो, तेच लोक करतात.

म्हणून ‘चांगला अभिनय केलास, घे बक्षीस’ छापाचे नियम मला फारसे रुचत नाहीत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या आवृत्तीतलं ‘इन्स्पिरेशन’ तसलंच, बाईंनी वहीवर चांदणी काढून दिल्यासारखं. ‘फेट’ या खेळातला सौदा मला जास्त प्रामाणिक वाटतो. पात्राचा अवगुण, समजा ‘दारू दिसली की भान सुटतं’, आड आणायचा तर जीएम तुमच्यापुढे पुढे खर्चायला एक गुण (टोकन) सरकवतो. घ्या आणि अडकायचं तिथे अडका. नको असेल तर पदरचा एक गुण भरून सुटा.

फासेच हवेत असंही नाही. ‘ड्रेड’ या भयकथांच्या खेळात टेबलावर जेंगाचा मनोरा असतो. अवघड काही करायचं तर एक ठोकळा काढून वर ठेवायचा. मनोरा पडला की तुमचं पात्र गोष्टीतून गेलं. यातला मला सर्वांत आवडणारा नियम म्हणजे मनोरा मुद्दाम पाडायची मुभा. पात्र जातं, पण जाता जाता जे करायचं ठरवलंय ते करून जातं. बाकी काही न सांगता हा एक नियम खेळाडूला हौतात्म्याचा रस्ता दाखवतो. तोवर सगळे हात आखडून, श्वास रोखून ठोकळे ओढत असतात, ती भीती काही वर्णनातून आणावी लागत नाही.

आता कुठून सुरुवात करू, हेही तुम्ही विचारणारच. जेसन मॉर्निंगस्टारचा ‘फियास्को’ घ्या, 2009 चा. मोठ्या महत्त्वाकांक्षा आणि तोकडी अक्कल असलेल्या माणसांची फजिती. जीएम लागत नाही, एका बैठकीत संपतो. आपली पाळी आली की दोनपैकी एकच निवडायचं: प्रसंग तुम्ही मांडा आणि शेवट गोड की कडू हे बाकीचे ठरवतील, नाहीतर प्रसंग त्यांना मांडू द्या आणि शेवट तुम्ही ठरवा. पहिल्या डावात प्रत्येकाला दोन्ही हवं असतं. मिळत नाही.