आत्तू, लाव!

तीन वर्षांच्या आतल्या माणसाला पुस्तक द्यायचं, तर ते आधी धुता आलं पाहिजे. चित्रं, गोष्ट, बोध वगैरे मागाहून. कारण हा वाचक पुस्तकाला कोपऱ्यापासून सुरुवात करतो, तीही तोंडाने. कागदाच्या पुस्तकाचा कोपरा बघता बघता लगदा होतो, आणि पुठ्ठ्याच्या पुस्तकाचे पापुद्रे सुटायला लागले की घरातलं कुणीतरी ते उचलून कपाटावर ठेवून देतं. लंडनच्या हेन्री सॅम्युअल डीन या प्रकाशकाने १९०३ साली कापडावर छापलेल्या पुस्तकांची कंपनी काढली ती याच वाचकांसाठी. अन्न अंगावर घालणारी आणि कपडे खाणारी मुलं, असं आपल्या गिऱ्हाइकांचं वर्णन त्याने करून ठेवलंय. आमच्या भाचीला पाहिल्याशिवाय त्याने ते कसं केलं, कोण जाणे.

मी मात्र छापलेल्या नाही, शिवलेल्या पुस्तकाबद्दल सांगतेय. त्याच्या प्रत्येक पानावर काहीतरी काम असतं. चेन ओढायची, बटण सोडवायचं, खिशातलं पाखरू बाहेर काढायचं, आंबा झाडावरून तोडून टोपलीत टाकायचा. इंटरनेटवर याला क्वाएट बुक म्हणतात. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना पोरांनी गप्प बसावं म्हणून अमेरिकेतल्या आया अशी पुस्तकं शिवत आल्या आहेत. हेतू उत्तमच. आपल्याकडे सत्यनारायणाच्या तिसऱ्या अध्यायापासून पुढे त्याचा उपयोग होण्यासारखा आहे. फक्त वेल्क्रोचं पान त्या दिवशी बाजूला ठेवावं. साधुवाण्याची नौका बुडत असताना आंबा झाडावरून सुटल्याचा खर्रर्र आवाज थेट गुरुजींपर्यंत पोचतो, आणि मुलाला आंब्यापेक्षा तो आवाजच आवडलेला असल्यामुळे आंबा लगेच पुन्हा झाडावर जातो.

या वेल्क्रोचा जन्म कुत्र्याच्या केसांत झालाय. जॉर्ज द मेस्ट्राल नावाचा एक स्विस इंजिनिअर १९४१ साली कुत्र्याला घेऊन रानात गेला होता. परत आल्यावर कुत्र्याच्या अंगाला आणि याच्या विजारीला काटेरी बोंडं चिकटलेली. आपण ती वैतागून उपटून टाकली असती. त्याने भिंगाखाली धरून पाहिली, तर प्रत्येक काट्याच्या टोकाला बारीक आकडा. त्यावरून कापडी पट्टी बनवायला आणि तिचं पेटंट घ्यायला १९५५ साल उजाडलं. आकड्यांची खरखरीत बाजू नेहमी सुट्या तुकड्याला लावावी आणि मऊ बाजू पानाला, म्हणजे आंबा तोडल्यावर उघडं पडलेलं झाड गालाला खरचटत नाही. यात अडचण एकच. सुटा आंबा मग मिळेल तिथे चिकटतो. आमचा आंबा बहुतेक वेळा आईच्या शालीवर सापडतो.

शिवताना आपण चित्राचा विचार करत असतो, आणि मूल कुलपाचा. माझ्या पुस्तकात पाण्याखालचं एक पान आहे. निळ्या साटीनवर टिकल्यांचे मासे, साखळी टाक्याचं शेवाळं, गाठीच्या टाक्याचे बुडबुडे, आणि वरून जाळीचं कापड. आल्यागेल्याने ज्याचं कौतुक करावं असं ते पान. भाची ते उलटून पुढे जाते. तिथे काही उघडत नाही ना! तिचं आवडतं पान म्हणजे भावाच्या जुन्या जॅकेटची जाडजूड चेन करड्या कापडावर आडवी बसवलीय, ते. चित्र नावालाही नाही. ती चेन ती उघडते, आतल्या रिकाम्या खिशात हात घालते, आत काही नसल्याची खात्री करून घेते आणि पुस्तक माझ्यापुढे ढकलते. "आत्तू, लाव!"

हे 'लाव' म्हणजे अख्ख्या पुस्तकाचं मर्म आहे. लहान मुलांचे हात आधी उघडायला शिकतात, लावायला फार नंतर. वर्षाच्या आसपास अंगठा आणि तर्जनीची चिमूट नीट जमते, आणि त्या दिवसापासून वेल्क्रोची धडगत नसते. मोठ्या कडीची चेन दीड-दोन वर्षांची मुलं खाली ओढतात, पण तिची दोन टोकं जुळवून वर नेणं शाळेत जायच्या वयाचं काम. काजातून मोठं बटण काढणं अडीच-तीनला येतं, घालणं त्यानंतर. बुटाच्या नाडीचं फूल तर पाच-सहा वर्षांच्या आधी कुणी मागूच नये. मूल उघडत जाणार आणि मागे बसलेलं मोठं माणूस लावत जाणार, अशी ही वाटणी. मुलाला पुस्तक देऊन आपण स्वयंपाकाला लागू, असं समजून जी शिवायला बसते तिला हे आधीच कुणीतरी सांगायला हवं.

दुकानदारांना मात्र काहीच सांगता येत नाही. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मी चेन, टिचबटणं, रंगीत नाड्या, हूक असं सगळं थोडं थोडं मागत होते.

"ब्लाउजला का ताई?"

"नाही, पुस्तकाला."

"पुस्तकाला चेन?"

"हो. आणि इलॅस्टिकपण दाखवा."

त्याने इलॅस्टिक दाखवलं, पण त्यानंतर तो माझ्याशी जरा हळू आवाजात बोलायला लागला.

सामानात वाद एकाच गोष्टीवर होतो, तो फेल्टवर, म्हणजे न विणता दाबून बनवलेल्या जाड कापडावर. सगळे फेल्ट वापरतात, कारण कापलं तरी त्याचे दोरे सुटत नाहीत, कड दुमडायला लागत नाही. रंग तर मिठाईच्या दुकानासारखे मांडलेले. पण बाजारात मिळणारं स्वस्त फेल्ट सिंथेटिक असतं. दोन धुण्यांत त्यावर गोळे येतात, आणि चघळलेल्या कोपऱ्याचा कापूस व्हायला लागतो. मी मांजरपाटाच्या बाजूची आहे. आधी रात्रभर पाण्यात ठेवून, काय आटायचंय ते आटवून घ्यायचं. मागून फ्युजिंग, म्हणजे गोंद लावलेलं अस्तर, इस्त्रीने चिकटवायचं, मधे कडकपणासाठी बक्रम. वर लावायच्या तुकड्यांसाठी घरातलंच गाठोडं सोडायचं. आईच्या इरकलीचा काठ, वडिलांच्या शर्टाची चौकडी, खणाचे उरलेले तुकडे. लाल खण मात्र ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून बघितल्याशिवाय वापरू नये. रंग सुटला तर शेजारचं बदकसुद्धा गुलाबी होतं.

दोन पानांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून, उलट बाजूने टीप मारून, उशीच्या अभ्र्याप्रमाणे सुलटी करायची. कोपऱ्यावरचं जास्तीचं कापड तिरकं छाटलं तर कोपरा टोकदार निघतो. पण चघळणाऱ्या वाचकासाठी कोपरे गोलच बरे. चेनच्या दोन्ही टोकांना भरीव टाके हवेत, नाहीतर रनर एक दिवस निघून हातात येतो आणि हातातून कुठे जातो ते आपल्याला माहीतच आहे. नाडी वीतभराहून लांब नको. बटण तर मी दुहेरी दोऱ्याने लावून, मागून दुसरं चपटं बटण घेऊन बसवते. आमचे टेलरकाका ते पाहून म्हणाले, "हे बटण पानाच्या आधी सुटणार नाही." मला तेच हवं होतं.

चित्राविना चेन मुलाला आवडते यात खरं तर नवल नाही. मारिया मॉन्टेसोरीने १९०७ साली रोममधल्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. तिच्या साधनांत लाकडी चौकटी आहेत. चौकटीवर कापडाचे दोन पदर, आणि मधे एकीवर बटणं, दुसरीवर हूक, तिसरीवर फुलं बांधायच्या फिती. एका चौकटीत एकच काम. फुलपाखरू नाही, ससा नाही. मला पूर्वी त्या चौकटी फार रुक्ष वाटायच्या. करड्या कापडावरची चेन पाहिल्यापासून वाटत नाहीत.

आपल्याकडे ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला, आणि १९४५ पासून बोर्डीला, नंतर कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांना बरोबर घेऊन बालवाड्या चालवल्या. तिथल्या मुलांसाठी परदेशी पद्धतीची पॉलिश केलेली साधनं परवडणारी नव्हती आणि ओळखीचीही नव्हती. मग मोजायला बिया आल्या, रंग ओळखायला पानंफुलं आली, समुद्राजवळचे शंखशिंपले आले. मुलाच्या हाताला रोज लागतं तेच साधन. मला त्या दोघींचं हे सगळ्यात जास्त पटतं.

आणि म्हणूनच इंटरनेटवरचे तयार पॅटर्न पाहिले की माझं डोकं फिरतं. लाल लाकडी कोठार, त्याच्या दारात गाय. कडेला झेंडा असलेली टपालपेटी. बर्फाचा माणूस आणि त्याचे हातमोजे. नाशिकची, साताऱ्याची बाई दोन-दोन रात्री जागून हे हातमोजे शिवते, तिच्या मुलाने थंडीत फार तर कानटोपी पाहिलेली असते. काही पानं कुठेही चालतात, ते मान्य. दोरीवर वाळत घातलेले कपडे तिकडेही असतात आणि इकडेही. आपण फक्त त्यात परकर, पंचा आणि बनियन वाढवायचं. पण बाकीच्या पानांच्या जागी घरातली पानं सहज सुचतील. कोयंडा आणि कडी असलेलं दार. भाजीची पिशवी, तिच्यात वांगं, मिरची, मेथीची जुडी. पडदा गुंडाळून बांधता येणारी रिक्षा. तीन काळ्या नाड्यांची वेणी, जी मुलीलाच नाही, मुलालाही घालता यावी.

माझं स्वतःचं लाडकं पान मोदकाचं आहे. पांढऱ्या लाँगक्लॉथचं बशीएवढं वर्तुळ, कडेने बारीक नेफा, नेफ्यात सेफ्टीपिनने ओवलेली नाडी. वर्तुळाचा मध्य पानाला शिवलेला आणि त्यावर चॉकलेटी मखमलीचं सारण. नाडी ओढली की वर्तुळ उभं राहतं, कडेला चुण्या पडतात आणि मोदक मिटतो. आई पहिल्यांदा पाहून म्हणाली, "पाऱ्या बऱ्या आल्यात की! उकड काढायला लागली नाही म्हणून." भाचीने नाडी ओढली, मोदक मिटला. तिने बोटं घालून तो उघडला, सारण आहे ना ते पाहिलं, आणि माझ्याकडे न ढकलता परत नाडी ओढली. अख्ख्या पुस्तकात हे एकच पान असं आहे जिथे लावण्यात उघडण्याइतकीच गंमत आहे. बटणाला, हुकाला, चेनला हे कसं आणायचं, याच्या मी सध्या विचारात आहे. लावलं की काहीतरी घडलं पाहिजे. बटण लावलं की कुत्र्याचं शेपूट वर, असं काहीतरी. शेपटाच्या आत इलॅस्टिक ओढून बघितलंय, थोडं थोडं जमतंय.

पुस्तक घरात पडलेलं दिसलं की येणारा प्रत्येक जण एकच सल्ला देतो, "अगं, विकत का नाहीस?" पहिली गोष्ट म्हणजे किंमत. कापडाचा खर्च सांगितला की लोक मान डोलावतात, हाताच्या कामाचे पैसे सांगितले की ऑनलाइन चिनी पुस्तक केवढ्याला मिळतं ते सांगतात. दुसरी गोष्ट कायद्याची. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालंय. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, पण तो कागद आधी करावा लागतो. त्या सगळ्या नियमांत मला एक गोष्ट मनापासून आवडली. एक ३१.७ मिलिमीटर व्यासाचं छोटं नळकांडं असतं, साधारण मुलाच्या घशाच्या हिशेबाने केलेलं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा सुटा किंवा ओढून निघालेला भाग त्यात पूर्ण मावला, तर खेळणं नापास. विकायचं नसलं तरी ही चाचणी घरी घ्यावी. सुट्या आंब्याचा आकार मी त्या मापानेच ठरवलाय, म्हणून झाडाच्या मानाने तो फारच मोठा दिसतो. हापूस आहे असं सांगते.

तरीही वहिनीच्या मैत्रिणीला नाही म्हणता आलं नाही. तिच्या मुलाचा पहिला वाढदिवस आहे. मी तिला रिक्षा सुचवली, कडीचं दार सुचवलं, मोदक तर फोटोसकट पाठवला. तिने सगळ्याला छान छान म्हटलं आणि खाली पॅटर्नचा दुवा पाठवला. लाल कोठार हवंच, बाकी तुमच्या मनाने. ठीक आहे. कोठार लाल खणाचं करतेय, रंग तपासून घेतलाय. दाराला कडी लावणार आहे. आणि आत गाय नाही, म्हैस बांधणार आहे. दार नीट लावलं तरच तिचं शेपूट हलेल.