आमची वाटचाल : वीतभर मोकळी राहिलेली दांडी

दिवाळीला आठ दिवस उरले होते आणि तोरणाची शेवटची वीतभर दांडी मोकळी राहिली होती. दोरी संपली. मी आणि माझ्या जाऊबाई, हॉलमधल्या सतरंजीवर चालणारा आमचा मॅक्रमेचा, म्हणजे दोरीला गाठी मारून विणायच्या वस्तूंचा धंदा, आणि पहिलीच मोठी ऑर्डर. बोहरी आळीत पळत जाऊन तीच ३ मिमीची ऑफव्हाइट सुती दोरी आणली. रात्री ट्यूबलाइटखाली बेमालूम जुळली. सकाळी उन्हात धरलं तर एक बाजू दुधाची, दुसरी सायीची. लॉट, म्हणजे मालाची खेप, वेगळा होता. गिऱ्हाइकाने तोरण नेलं, पण पैसे कापून.

तोवर आमचा हिशेब एवढाच, "दोन किलो घेऊ, होईल." त्या दिवाळीनंतर वही घातली.

पहिल्या पानावर एक नमुना आहे. एक-एक मीटरच्या चार दोऱ्या घेऊन चौकोनी गाठींची (बाहेरच्या दोन दोऱ्या मधल्या दोघींभोवती बांधायच्या) १० सेंमीची पट्टी विणली आणि उरलेल्या दोऱ्या मोजल्या. मधल्या दोन जवळपास पट्टीएवढ्याच कमी झालेल्या, बाहेरच्या दोघींनी मात्र प्रत्येकी ४५ सेंमी खाल्ले होते. म्हणजे कुंडीच्या लटकनात मधल्या दोऱ्या लांब कापणं निव्वळ नासाडी. तोरणात ओळ बदलली की आतली दोरी बाहेर जाते, म्हणून तिथे सगळ्याच दोऱ्या विणकामाच्या लांबीच्या सरसकट चौपट धरतो. दोरी दुमडून दांडीवर अडकवायची असते, तेव्हा कापताना आठपट. हे दुमडणं विसरलं की सगळं मुसळ केरात.

तीन फुटी दाराचं तोरण घ्या. ९० सेंमी दांडीवर आमच्या ८० दोऱ्या बसतात. विणकाम ३० सेंमी, त्याचे आठपट २४० सेंमी. खाली १५ सेंमी झालर, तिला गाठ नाही, म्हणून दुप्पट ३०. टोकं छाटायला धरून ३ मीटरची एक दोरी, एकूण २४० मीटर. वर दहा टक्के, म्हणजे २६४.

दुकानात दोरी किलोवर मिळते, म्हणून १० मीटर कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, ४५ ग्रॅम भरली. त्या हिशेबाने तोरणाला १ किलो २०० ग्रॅम. पीळ बदलला की वजन बदलतं, तेव्हा नवा माल आला की आधी काटा. आणि एका ऑर्डरची दोरी एकाच खेपेला, एकाच लॉटची.

एवढं करूनही काही महिने आकडा चुकायचा, तोही फक्त जाऊबाईंच्या कामात. त्यांचा हात घट्ट. माझ्या दहा गाठींच्या जागेत त्यांच्या बारा बसतात, साहजिकच दोरी जास्त जाते. काम मात्र त्यांचंच देखणं, हेही कबूल करते. आता वहीत त्यांच्या नावापुढे कायमचं "१५ टक्के जादा" लिहिलंय. परवा त्यांनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "मग मजुरीलाही लाव की तेवढेच."