चोरबाजारातली पांडा

आज चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, तासभर धूळ खाल्ली आणि शेवटी सापडली! १:४३ मापातली, म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याची, छोटी मॉडेल गाडी: मॉरिस मायनर, ब्रिटिश पोलिसांची 'पांडा कार'. फिकट निळं अंग, पांढरी दारं. १९६० च्या दशकात तिकडचे पोलीस असल्या गाड्यांतून गस्त घालायचे. खरी गाडी पावणेचार मीटरची, ही जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटर. टपावरचा दिवा मात्र गायब.

चाचा ८०० वर अडून बसलेले. मी दिव्याचं रडगाणं गात ५०० त आणली. (घरी २०० सांगितलेत.)

कपाटात तिला पोलिसांच्या पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडरशेजारी ठेवलीय. तीही मूळची मॉरिसच की, ऑक्सफर्ड सीरिज तीन! दिव्यासाठी निळा मणी हवाय. बायकोच्या जुन्या माळेवर डोळा आहे.