एकोणसाठ म्हणजे ६१

ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला एका मराठी शाळेत मी दुसरीला शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी हिंदी, भोजपुरी बोलतात, मराठी आकडे त्यांच्या कानावर फक्त शाळेतच पडतात.

सोमवारी संख्यांचं श्रुतलेखन घेतलं. एका मुलीने एकोणसाठला ६१, एकोणपन्नासला ५१ आणि एकोणचाळीसला ४१ लिहिलं होतं. मी तीन फुल्या मारल्या, पाच वेळा लिहून आण असा शेरा दिला आणि पुढची वही घेतली. मंगळवारी तिने खरंच लिहून आणलं, अगदी छान अक्षरात, एकोणसाठ ६१, पाच वेळा. मला राग आला आणि मी सगळ्यांसमोर आवाज चढवला. ती रडली नाही, नुसती खाली बघत राहिली. वही परत करताना माझ्या लक्षात आलं की बरोबर उत्तर मी कुठे लिहूनच दिलं नव्हतं, मग तिने काय लिहायचं होतं?

बुधवारी खिचडी खाऊन झाल्यावर तिच्या शेजारी बसले आणि विचारलं, हे ६१ कसं आलं गं, मला सांग ना. ती हळूच म्हणाली, "बाई, तुम्हीच बोललात ना, एक... साठ."

मला काही बोलताच येईना. एकवीस म्हणजे एक आणि वीस, एकतीस म्हणजे एक आणि तीस, हे मीच तर शिकवलं होतं आणि तिने तोच नियम पुढे नेला होता. तिन्ही उत्तरं एकाच विचाराने आलेली, आणि मी त्यांना निष्काळजीपणा समजले. २०१९ मधे बालभारतीने दुसरीच्या गणितात वीस एक, वीस दोन असं वाचन आणलं तेव्हा मी स्टाफरूममधे तावातावाने विरोध केला होता, जोडाक्षरांना घाबरून भाषा कशाला बदलायची म्हणून. मला आजही मराठी संख्यानामं हवीच आहेत पण ती मुलांना उलगडून सांगायला हवीत हे मी सोयीस्कर विसरले होते.

गुरुवारी काड्या काढल्या. दहादहाचे सहा गठ्ठे, रबर लावलेले. साठातली एक काडी कमी करा म्हटलं तर एक गठ्ठा सोडावाच लागला, उरले पाच गठ्ठे आणि नऊ सुट्या. मग सांगितलं, एकोण म्हणजे एक ऊन, आणि ऊन म्हणजे कमी, उन्हाळ्यातलं ऊन नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, "बाई, हमारे में उनसठ बोलते!" त्याच्या घरच्या शब्दातही तेच ऊन बसलंय हे मी वीस वर्षांत एकदाही वर्गात बोलले नव्हते. तिने काड्या दोनदा मोजल्या, वहीतली तिन्ही उत्तरं स्वतः खोडली.

शुक्रवारी मी फळ्यावर १९, २९ करत ८९ पर्यंत आले, सगळे जोरात म्हणत होते. ९९ लिहिलं तर अख्खा वर्ग, "एकोणशंभर!" नियमाने बरोबरच होतं त्यांचं. मी म्हटलं, नाही रे, याला नव्व्याण्णव म्हणतात, इथे एकोण येत नाही.

ती दोनतीनदा स्वतःशी पुटपुटली, मग हात वर केला, सोमवारपासून पहिल्यांदाच. "बाई, यात नऊ आणि नव्वद आहे."

मी खडू तिच्या हातात दिला.