बर्फातली लगीनघाई

वाफ्यात अजून बर्फाची ढेकळं पडलेली असतात, झाडांवर पालवीचा पत्ता नसतो, आणि स्नोड्रॉप, म्हणजे थंड प्रदेशातलं कंदातून येणारं ते इवलं पांढरं फूल, मान खाली घालून फुललेला असतो. बघणाऱ्याला वाटतं, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! पण त्याची तयारी आपल्या अंदाजापेक्षा फार जुनी असते. कंदाच्या पोटात कळी आधीच्या उन्हाळ्यातच घडलेली असते. वरच्या फांद्या उघड्या आहेत, ऊन जमिनीपर्यंत पोचतंय, तोवर उरकून घ्यायचं हा सगळा हिशेब. हवा साधारण 10 अंश सेल्सिअसच्या वर गेली की बाहेरच्या तीन पाकळ्या फाकतात. मधमाश्याही त्याच सुमारास बाहेर पडू लागतात.

अशा फुलांची काळजी करणारा माणूस थंडीला घाबरतो. खरं तर यांना थंडीपेक्षा ओल जास्त मारते. चिकणमातीत हिवाळाभर पाणी साचलं की मुळाचा गड्डा कुजतो, आणि दोष थंडीला लागतो. फावड्याच्या पात्याइतकं, म्हणजे 25-30 सेंटीमीटर खणून जाड खडी आणि कुजलेल्या पानांचं खत मिसळावं. पल्सॅटिला या वसंताच्या तोंडावर फुलणाऱ्या लवदार रोपाला तर उंचवटाच हवा, भरपूर ऊन हवं आणि बुंध्याभोवती दोन सेंटीमीटर खडीचा थर हवा. तिचं सोटमूळ खोल जातं. एकदा लावलं की जागा बदलायची नाही, बदलली तर रुसते.

दुसरा घातकी प्रकार म्हणजे जमीन रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं. आत बर्फाचे थर फुगतात आणि शरदात उशिरा लावलेलं कोवळं रोप हळूहळू वर ढकललं जातं. मुळं वाऱ्यावर पडतात नि वाळतात. म्हणून लावणी जमीन गोठण्याच्या निदान सहा आठवडे आधी उरकावी. पालापाचोळ्याचं 5 ते 8 सेंटीमीटर आच्छादन मात्र जमीन गोठल्यावरच घालावं. ते ऊब देण्यासाठी नसतंच, गोठलेली जमीन गोठलेलीच ठेवण्यासाठी असतं. आधी घातलं तर उंदरांची सोय होते, एवढंच. भुसभुशीत बर्फ पडलेला असेल तर तोच उत्तम आच्छादन, कारण त्यात हवा कोंडलेली असते.

हिवाळा सरता सरता फुलणाऱ्या हेलेबोर या रोपाचं नाटक पाहण्यासारखं. दव गोठवणाऱ्या कडक थंडीच्या सकाळी फुलांसकट सगळे दांडे जमिनीवर आडवे! नवशिक्याला वाटतं, संपलं. कोणी कोमट पाणीही घेऊन धावतो. प्रत्यक्षात पेशींमधलं पाणी बाहेर काढून ते रोप स्वतःला फुटण्यापासून वाचवत असतं. ऊन चढलं की दांडे उभे राहतात. तोवर हात लावू नये, गोठलेला दांडा कट्कन मोडतो.

हेलेबोरच्या ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो, ती निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी पानं असतात. म्हणूनच ती आठवडेच्या आठवडे गळत नाहीत. गड्डा फार खोल पुरला तर पानं उदंड येतात, फूल मात्र येत नाही. काळे डाग पडलेली जुनी पानं हिवाळा सरताना, कळ्या वर येण्याआधी, बुंध्यापाशी कापावीत आणि खताच्या ढिगात टाकू नयेत. हातमोजे घालावेत, झाड विषारी आहे.

स्नोड्रॉपचे सुके कंद पुष्कळदा उगवतच नाहीत. ते इवलेसे असतात, हवेत ठेवले की चटकन वाळतात. फुलं ओसरल्यावर हिरव्या पानांसकट गड्डा उकरून, तीन-चार कंदांचे झुबके करून आधीच्याच खोलीवर लावणं जास्त भरवशाचं. मग पानं आपोआप पिवळी पडेपर्यंत कात्री लांब. वाफा काही आठवडे गबाळा दिसतो म्हणून जो पानं कापतो, तो पुढच्या वर्षीचं फूल कापतो.

बियांचं काम चिकाटीचं. हेलेबोरचं बी ताजंच पेरावं. सुकवून ठेवलं की ते असं झोपी जातं की एखादा हिवाळा वायाच जातो. ताज्या बियांना आधी उन्हाळ्याची ऊब, मग हिवाळ्याचा गारवा मिळतो आणि वसंतात कोंब येतो. फूल त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. शिवाय या कामात मुंग्यांचाही हात असतो. बीला चिकटलेला स्निग्ध तुकडा त्यांना आवडतो. त्या बी ओढून नेतात, तेवढा तुकडा खातात आणि बी टाकून देतात. मग काळजीपूर्वक आखलेल्या वाफ्यात एकही रोप नसतं, आणि पायवाटेच्या फरशीच्या फटीत चार उभी असतात.